महिनाभराचं गाव

"मार्चमध्ये तविराला थंडी असते का गं?" बर्निसने ओले केस झटकत विचारलं. "मेरिलिन काल विचारत होती, लोकरीचं काही न्यावं की नको म्हणून. मी म्हटलं, मला काय विचारतेस? ग्लेनिसला विचार. तिला त्या सगळ्या गावांची कुंडली पाठ आहे."

ग्लेनिस हॅडो किनाऱ्यावरच्या नळाखाली पायाची वाळू धूत होती. जुलै महिना होता, म्हणजे पृथ्वीच्या या दक्षिणेकडच्या अंगाला ऐन हिवाळा, पाणी चावण्याइतकं गार होतं, आणि असल्या पाण्यात रोज उतरणाऱ्या पाचसहा म्हाताऱ्यांना सगळं फ्रीमँटल वेडं समजत असे, याचा त्यांना थोडा अभिमानही होता. धुऊन झालेला पाय ती पुन्हा धुऊ लागली. "काल?" ती म्हणाली. "काल तर तिला सर्दी होती. आठवडाभर पोहायला आली नाही ती."

"सर्दी? छे गं, चांगली टुणटुणीत होती. बाजारात डीड्राबरोबर बॅगा बघत..." बर्निस बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा गारठ्याने आधीच लाल झाला होता, तो आणखी लाल झाला. "अरे देवा. तुला सांगितलं नाही वाटतं तिनं."

"सांगितलंय की," ग्लेनिस म्हणाली. "विसरलेच होते मी." तिने नळ बंद केला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बर्निसला हात करून ती चालू लागली. चपला नळापाशीच राहिल्या, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे गेली होती. परत जाऊन बर्निसच्या डोळ्यांतली कीव पाहण्यापेक्षा अनवाणी घरी जाणं बरं, असं तिने ठरवलं.

तविरा. ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने आजपर्यंत ऐकलं नव्हतं. मेरिलिनच्या आणि तिच्या स्वतःच्या, दोनच तोंडांत ते नाव होतं, आणि मेरिलिनच्या तोंडात तिनेच घातलेलं. मीठ अंगावर वाळू लागलं, कातडी ताणल्यासारखी झाली, गुडघ्यामागे खाज सुटली. पोहून आल्यावर रोज असं होतं आणि रोज ते तिला बरं वाटतं. आज वाटलं, हे कातडंच काढून टाकावं. पोर्तुगालचं ते गाव तिने मागच्या हिवाळ्यात शोधलं होतं. मधून संथ नदी, नदीवर जुना दगडी पूल, गावाबाहेर मिठागरं आणि मिठाचे पांढरे ढीग. चढ जवळजवळ नाहीच, म्हणजे मेरिलिनच्या गुडघ्याची काळजी नाही. ढिगांचं चित्र ग्लेनिस कितीतरी वेळ पाहत राहिली होती. ती बोलली मात्र एवढंच, की "बघू." चांगलं काही दिसलं की ती नेहमी बघूच म्हणत असे. वाईट दिसलं तर लगेच सांगत असे. तीस वर्षं तिने बंदरावर हेच काम केलं होतं. परदेशातून आलेल्या लाकडी खोक्यांत, गालिच्यांत, लोकांच्या बुटांच्या तळव्यांना लागलेल्या चिखलात किडा शोधायचा. एक किडा आत सुटला तर देशातला गहू आडवा होईल, असं त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माणसं हसत हसत पेट्या उघडून दाखवत आणि म्हणत, "बाई, काही नाही हो त्यात." आणि तिला माहीत असे, की काहीतरी असतंच. निवृत्त झाली म्हणून नजर निवृत्त होत नाही. शेजारणीने केक आणला तरी ती आधी उचलून खालची बाजू बघे.

हा सगळा खेळ सुरू झाला तो कीथ गेल्यावर. मेरिलिनचा नवरा. एका रविवारी गवत कापताना तो खाली बसला आणि परत उठला नाही. त्यानंतर मेरिलिनने आपलं केस कापायचं दुकान विकलं, पडदे ओढले आणि जेवण सोडलं. सगळ्यांनी थोडे दिवस भाज्यांचे डबे पोचवले, मग त्यांचेही हात आखडले. ग्लेनिस मात्र रोज जात राहिली. तिला सांत्वन करता येत नसे. दुसऱ्याच्या रडण्यापुढे ती खांबासारखी उभी राही. एका संध्याकाळी भोपळ्याचं सूप गरम करता करता ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "मेझ, जिथं कीथला कुणीच ओळखत नव्हतं असं एक गाव शोधू या. तिथं महिनाभर राहायचं. हिंडायचं नाही, काही बघायचं नाही. नुसतं राहायचं. पाववाला आपल्याला ओळखायला लागेपर्यंत." मेरिलिनने कितीतरी दिवसांनी मान वर केली होती. "तिकडे समुद्र असेल ना?" तिने विचारलं होतं. "समुद्राशिवाय तुला कोण नेतंय?" ग्लेनिस म्हणाली होती, आणि मेरिलिनने सूप प्यायलं होतं.

तेव्हापासून चार हिवाळे. शुक्रवारी संध्याकाळी, ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात, भिंतीवर भूमध्य समुद्राचा मोठा नकाशा. नाफ्प्लिओ झालं. तिथल्या किल्ल्याच्या पायऱ्यांनीच मेरिलिनच्या गुडघ्याने राम म्हटला असता. काडिझ झालं. तिथला पूर्वेचा वारा म्हणे माणसांना वेड लावतो. आपल्याकडचा उकाडा घालवणारा दुपारचा वारा निदान ‘डॉक्टर’ म्हणवून घेतो, तिथला वेड लावतो, मग तिथे कशाला मरायला जायचं? ओस्तुनी झालं, ते डोंगरावर निघालं. सिसिलीतलं एक गाव फार आवडलं होतं, पण घराखाली मासळीबाजार. प्रत्येक गावात दोघी थोड्या थोड्या राहून आल्या होत्या. कोणत्या खिडकीशी बसायचं, ऑलिव्ह कुठून घ्यायचे, शेजारची बाई भांडकुदळ निघाली तर काय करायचं, सगळं ठरे. मेरिलिन हसायला लागली, तिने पडदे उघडले, ती पुन्हा पोहायला येऊ लागली. ग्लेनिसचं लग्न कधीकाळी झालं होतं आणि कधीकाळी मोडलं होतं. त्या लग्नातल्या सगळ्या वर्षांत मिळून जेवढं बोलणं झालं नसेल, तेवढं त्या नकाशापुढे झालं. ती उघडपणे कुणाशी बोलली नसती, पण तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस म्हणजे ते शुक्रवार होते. आणि आता त्या शुक्रवारांतून पिकून पडलेलं फळ उचलून मेरिलिन दुसरीबरोबर चालली होती. ताकास तूर लागू दिली नाही. सर्दीचं सोंग केलं. डीड्रा, गायनवर्गातली ती खिदळणारी डीड्रा, जिला तविरा पोर्तुगालात आहे की पेरूमध्ये हे वर्षापूर्वी सांगता आलं नसतं, ती आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणार. तिने घरी जाऊन अंघोळ केली नाही. दुसऱ्या चपला घातल्या आणि तशीच खारट अंगाने मेरिलिनच्या घराकडे निघाली.

मेरिलिनचं पुढचं दार कधीच कुलूपबंद नसे. ग्लेनिस घरातून सरळ मागच्या व्हरांड्यात गेली. हिवाळ्याच्या दिवसांत घरातली माणसं तिथेच सापडत, कारण दिवसभराचं ऊन तिथे. उन्हात खुर्ची टाकून डीड्रा बसली होती. डोक्याला सगळीकडे चांदीच्या कागदाच्या घड्या लावलेल्या, गळ्यात टॉवेल. मागे मेरिलिन, हातात रबरी मोजे, एका हातात रंगाची वाटी आणि दुसऱ्यात ब्रश. दुकान विकलं तरी मैत्रिणींचे केस ती घरी रंगवून देत असे. ग्लेनिसला पाहून ब्रश वाटीत बुडाला तो तिथेच राहिला.

"सर्दी बरी झाली?" ग्लेनिसने विचारलं.

डीड्राने उठायचा प्रयत्न केला. "मी जरा आत..."

"तू बस," मेरिलिन म्हणाली. "हललीस तर पट्टे पडतील." मग ग्लेनिसकडे वळून, "मी सांगणारच होते, ग्लेन."

"कधी? विमानातून?"

"या शुक्रवारी सांगणार होते. देवाशपथ. गेल्या शुक्रवारीही सांगणार होते. तुझ्या फाटकापर्यंत आले आणि परत गेले."

"चोरासारखी."

"हो, चोरासारखी," मेरिलिन म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता. "डीड्राला मार्चमध्ये लांब रजा मिळतेय. दहा वर्षं नगरपालिकेत घासली तिनं. ती सहज म्हणाली, कुठंतरी जाऊ या का? आणि माझ्या तोंडून तविरा निघून गेलं. रात्री जेवायच्या आत तिनं घर ठरवलंसुद्धा. अर्ध्या तासात, ग्लेन! मी नुसती बघत बसले. मला वाटायचं, एवढ्याशा कामाला माणसाचा जन्म लागतो."

"अर्ध्या तासात ठरवायला चार वर्षांची मेहनत कुणाची होती?"

"तुझीच. कुठं नाही म्हणतेय मी?"

"मग मला का नाही विचारलंस? तिघी गेलो असतो." बोलून झाल्यावर ग्लेनिसला स्वतःची लाज वाटली. केसाने गळा कापणाऱ्या माणसाकडे आपण जागा मागतो आहोत.

मेरिलिनने वाटी कठड्यावर ठेवली. "कारण तुला विचारलं असतं, तर आपण गेलोच नसतो. तू बघू म्हणाली असतीस. मग काहीतरी सापडलं असतं तुला. चर्चची घंटा, वास, वारा, पायऱ्या. तुला जायचं कधी नव्हतंच गं, ग्लेन. तुला शोधत राहायचं होतं. मला ते कळलं होतं, आणि मी दोन वर्षं गप्प बसले, कारण तू सूप घेऊन आली होतीस. पण मी अडुसष्ट वर्षांची आहे. गुडघा दरवर्षी थोडा थोडा संपत चाललाय. मला खरंच एका पाववाल्यानं ओळखायला हवंय. नकाशावरचा नकोय मला आता."

ग्लेनिसला वाटलं, हे खरं नाही. लगेच वाटलं, हे थोडं खरं आहे, आणि थोडं खरं असलेलं बोलणंच सर्वांत जास्त लागतं. म्हणजे जिथे ती सुखात होती, तिथे मेरिलिन दोन वर्षं नुसती उपकार फेडत बसली होती. पुढे पुढे ते हसणं, खिडकीशी कोण बसणार यावरचं भांडण, ते सगळं ग्लेनिससाठी चाललेलं होतं, रुग्णाला बरं वाटावं म्हणून करावं तसं. तविरा नेलंत तर न्या. पण शुक्रवारही मागे जाऊन काढून घेतलेत. याला काय म्हणायचं? तिला कुठेतरी बसायला हवं होतं आणि बसायला जागा नव्हती, म्हणून ती उभी राहिली, रडण्यापुढे नेहमी उभी राही तशीच.

डीड्राला शांतता सोसत नसे. चांदीचे कागद खुळखुळवत तिने मांडीवरचा फोन उचलला. "ग्लेनिस, तू घर तरी बघ ना. खरं सांगू? हिनं मला सारखं छळलंय, ग्लेननं पाहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही म्हणून. आज संध्याकाळपर्यंत ते रद्द करता येतं. नंतर नाही. बघ ना एकदा."

"बघ," मेरिलिन हळूच म्हणाली. "शिव्या नंतर घाल. पण खोट काढू नकोस हं. एकदा तरी नको काढूस."

ग्लेनिसने फोन हातात घेतला. पांढरं घर, निळ्या कडांच्या खिडक्या, छपराला चार बाजूंनी उतार. खाली नदी. वरच्या मजल्यावर मोठी गच्ची, तिथे दोन वेताच्या खुर्च्या. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," मेरिलिन आता तिच्या खांद्यावरून बघत होती, आवाजात नकळत जुना उत्साह, "गच्ची उत्तरेकडे! झोपायच्या दोन्ही खोल्यासुद्धा उत्तरेलाच. तूच शिकवलंस ना, उत्तर सोडून काही घ्यायचं नाही म्हणून. मी डीड्राला सांगितलं, बाकी काहीही चालेल, उत्तर हवी. मागच्या दोन खोल्या दक्षिणेच्या आहेत, तिथं आम्ही नुसत्या बॅगा ठेवणार."

फ्रीमँटलमध्ये सूर्य उत्तरेकडून फिरतो. इथलं शेंबडं पोरही ते जाणतं. घराचा दलाल छप्पर गळतंय हे सांगायला विसरेल, पण उत्तरेकडे तोंड आहे हे दोनदा सांगेल. ग्लेनिसचे वडील गवंडी होते. रिकाम्या प्लॉटवर उभे राहून ते आधी उत्तरेकडे तोंड करीत आणि मगच बोलू लागत, आणि लहानपणी तिला वाटे की ही एक प्रार्थनाच आहे. पहिल्या दोन हिवाळ्यांत तिने मेरिलिनला हेच घोकवलं होतं: उत्तर, उत्तर, उत्तर. मग नाफ्प्लिओच्या एका घरमालकिणीला तिने पत्ता काढून विचारलं, गच्ची नक्की उत्तरेकडे आहे ना? त्या बाईचं उत्तर आलं: ‘नाही हो, देवाच्या कृपेने दक्षिणेला आहे. उत्तरेच्या भिंतीला आमच्याकडे शेवाळ येतं. आपण कुठून लिहिता?’ ते वाचून ग्लेनिसचे कान तापले होते. जन्मभर जहाजांच्या संगतीत काढून, भिंतीवर नकाशा लावून, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला सूर्य दुसऱ्या बाजूने जातो एवढं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. हे तिने मेरिलिनला सांगितलं नाही. कसं सांगणार? मेरिलिन तिला सर्वज्ञ समजत होती, आणि तसं समजणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. त्यानंतर उत्तरेचं घर आलं की ती दुसरीच काहीतरी खोट काढून ते मोडीत काढी. घंटा, वास, पायऱ्या.

आणि आता हे घर. मार्चमध्ये त्या गच्चीवर सूर्य येणारच नाही. मागून जाईल, बॅगांवर पडेल. नदीची ओल भिंतीत मुरलेली असेल, गाद्या दमट लागतील, आणि अंघोळ करून दोघी वेताच्या खुर्च्यांवर सावलीत कुडकुडत बसतील. सगळा महिना. मेरिलिनचा गुडघा गारठ्यात आखडतो, हे डीड्राला माहीत नसेल, ग्लेनिसला माहीत होतं. आयुष्यात तिने हजारो पेट्या उघडल्या होत्या, पण इतका स्पष्ट, इतका मोठा किडा तिला क्वचितच सापडला होता. शब्द तिच्या जिभेवर येऊन उभे राहिले. मेझ, हे रद्द कर, उलटं झालंय. एवढंच.

ते शब्द बोलल्यावर काय होईल तेही तिला दिसलं. मेरिलिन आधी डोळे मिटेल. मग डीड्राकडे बघेल. बोलणार नाही, पण बघेल: पाहिलंस? मी म्हटलं नव्हतं? खरी खोट आणि खोट काढायची खोड, यांतला फरक आता तिला कोण समजावणार? दुधात मिठाचा खडा टाकायला आली, म्हणतील. आणि फरक समजलाच, तर मग हेही समजेल, की उत्तरेबद्दल ग्लेनिस दोन वर्षं गप्प का बसली. सोंग एकट्या मेरिलिननेच केलं नव्हतं. ते ग्लेनिसला या क्षणी कळलं, पण त्याने राग कमी झाला नाही. उलट तिला वाटलं, जाऊ देत. ज्यांना अर्ध्या तासात ठरवता येतं त्यांनी अर्ध्या तासातलं घर भोगावं. माझी विद्या चोरलीत ना? मग जशी आहे तशी घेऊन जा. या विचाराने तिला बरं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. बरं वाटलं नाही. व्हरांड्यातलं ऊन तिच्या पाठीवर, खारट मानेवर, मेरिलिनच्या पांढऱ्या भुवयांवर सारखंच पडत होतं, आणि मेरिलिन श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहत होती. शाळेत गणित तपासायला दिलेल्या मुलीसारखी.

"छान आहे," ग्लेनिस म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे छान आहे. घ्या."

"काहीच नाही? पायऱ्या? तो पूल जवळ आहे, आवाज..."

"काही नाही, मेझ. चांगलं घर आहे."

मेरिलिनच्या हातमोज्यांना रंग लागला होता, म्हणून तिने दोन्ही हात बाजूला धरून नुसत्या कोपरांनी ग्लेनिसला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडू लागली. "चार वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणत होती, "पहिल्यांदा तू कशाला तरी चांगलं म्हणालीस. तुझ्याएवढं मोठं मन कुणाचं नाही गं. मी तुझ्याशी इतकी वाईट वागले, आणि तू..." ग्लेनिसने तिच्या पाठीवर हात ठेवला. रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर तिने असा हात आजवर कधी ठेवला नव्हता. तो तिथे नीट बसला, याचंच तिला भय वाटलं.

"चला, सुटले बाई मी," डीड्रा फोन परत घेत म्हणाली. "मग आता ते रद्द करायचं मी विसरून जाऊ ना?"

मेरिलिन खांद्यावर हुंदके देत होती. अजून वेळ होता.

"विसर," ग्लेनिस म्हणाली.